आमच्या गल्लीतला स्पेन

पहिल्याच भेटीत माझ्या जर्मन घरमालकांनी मला विचारलं, "तुमच्या घराण्यात कुणी स्पेनचं होतं का?"

मी मिरजेचा. आमच्या घराण्यात लांबचं म्हणजे फार तर कुणी तासगावचं होतं. मी तसं सांगितलं. त्यांनी 'मिरज' हा शब्द दोनदा तोंडात घोळवला, मान तिरकी करून माझ्या नाकाकडे पाहिलं आणि आतल्या बाजूला हाक मारली, "ऐकलंस का? मिरज! हे दक्षिण स्पेनमधलंच नाव. यांना खोली द्यायची."

आतून उत्तर आलं, "दे. पण जिन्यात बूट काढायला सांग."

अशी मला खोली मिळाली. साल अठ्ठावन्न. मी जर्मनीत आखनला इंजिनिअरिंग शिकायला गेलो होतो. लढाईत पडलेली तिथली घरं अजून पुरती उभी राहिली नव्हती, तेव्हा परक्या विद्यार्थ्याला खोली मिळणं कठीणच. म्हणून गाडीने पंचवीस मिनिटांवरच्या या जुन्या, लहानशा गावात मी आलो. गावाला दगडी वेस होती, चौकात विहीर होती आणि सांगण्यासारखी घटना एकच होती : तीनशेएक वर्षांपूर्वी स्पेनच्या राजाच्या पलटणीने वेढा घालून गाव घेतलं आणि काही वर्षं तिथे तळ ठोकला. दुसरं काही घडलेलंच नसल्यामुळे, ज्यांनी आपल्या खापरपणजोबांना उपाशी मारलं त्यांचाच उत्सव गावकरी दर जूनमध्ये मोठ्या थाटाने करायचे. वेशीचं नाव स्पॅनिश वेस, विहिरीचं स्पॅनिश विहीर आणि आमची गल्ली ती स्पॅनिश गल्ली. उत्सव भरायचा तो याच गल्लीत. तो सुरू केला होता आमच्या मालकांनी, आणि अध्यक्षही तेच.

मालक रेल्वेत स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. उंच, हडकुळे, मिशा काळ्याभोर, म्हणजे दर शनिवारी काळ्या केलेल्या. आपल्या अंगात स्पॅनिश रक्त आहे अशी त्यांची खात्री होती. पलटणीतल्या कुणा कप्तानाने गावच्या गिरणीवाल्याच्या मुलीशी लग्न केलं आणि तिथून आपलं घराणं निघालं, असं ते सांगत. पुरावे तीन. एक, मिशा. दोन, डोकं लवकर तापतं. तीन, थंडी सोसत नाही. थंडी मलाही सोसत नव्हती, त्यामुळे आमचं गोत्र एकच ठरलं.

स्पेन त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण दुपारी एक ते तीन ते स्पेनमध्येच असत. दाराला पाटी लावत : 'उन्हामुळे बंद'. जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, झडपा लावून, अंगात ओव्हरकोट घालून हे उन्हापासून बचाव करत पडलेले असायचे. पोस्टमन बिचारा पाटी वाचून, नाकावरचं बर्फ पुसून, तीननंतर परत यायचा.

आईने बोटीने पाठवलेल्या पार्सलातलं मिरचीचं लोणचं एकदा त्यांनी चाखलं. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून धारा लागल्या, बराच वेळ आवाज फुटेना. मी घाबरून पाणी आणलं. त्यांनी पेला बाजूला सारला, माझा हात धरला आणि म्हणाले, "ही चव मला आठवते."

मालकीणबाई मूळच्या ड्रेस्डेनकडच्या. बुटक्या, कामसू, कमी बोलणाऱ्या. त्या नवऱ्याला अरेतुरे करायच्या. मिरजेहून नुकत्या आलेल्या मला पहिले काही दिवस त्याने दचकायला व्हायचं. नवऱ्याच्या स्पेनबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "मी एका स्टेशनमास्तरशी लग्न केलं. तो नंतर परदेशी निघाला, त्याला मी काय करू?"

मालकांना स्पॅनिश येत असे, पण एकाच पुस्तकातलं. घोडागाड्यांच्या काळात छापलेलं, प्रवाशांसाठीचं ते पातळ पुस्तक त्यांनी घोकून पाठ केलं होतं. त्यामुळे त्यांना 'धन्यवाद' धड म्हणता येत नव्हतं, पण 'माझ्या घोड्याची नाल निखळली आहे', 'ही गादी ओलसर आहे' आणि 'गाडीवान, सावकाश. माझी मावशी नाजूक आहे' ही वाक्यं ते अस्खलित म्हणत. नाताळच्या जेवणाला ग्लास उंचावून, भरल्या गळ्याने त्यांनी ओलसर गादीचं वाक्य म्हटलं की पाहुण्यांचे डोळे पाणावत. अर्थ त्यांना आणि मलाच ठाऊक असायचा.

एका वर्षी गावच्या शाळेतल्या इतिहासाच्या मास्तरांनी स्थानिक वर्तमानपत्रात लेख लिहिला. म्हणे गल्लीच्या नावाचा स्पेनशी काही संबंध नाही. लाकडाच्या ढलप्यांना जर्मनमध्ये 'श्पेने' म्हणतात, गल्लीत पूर्वी सुतार राहायचे, त्या ढलप्यांवरून हे नाव पडलं आणि पुढे लोकांच्या तोंडी त्याचं स्पॅनिश झालं.

मालक तीन दिवस खोलीतून बाहेर आले नाहीत. चौथ्या दिवशी दाढी करून खाली उतरले, न्याहारीला बसले आणि म्हणाले, "आल्झो, ठीक आहे. सुतार होते, हे मान्य. पण सुतार कुठले होते?"

त्या जूनमध्ये स्पॅनिश सुतारांच्या सन्मानार्थ गल्लीभर दोन पोती ढलप्या पसरण्यात आल्या.

मी आल्याच्या पुढच्या वर्षी मला कप्तान करण्यात आलं. मिरवणुकीत स्पॅनिश कप्तान घोड्यावरून यायचा आणि गावच्या नगराध्यक्षाने उशीवर ठेवलेली सोनेरी किल्ली त्याच्या हवाली करून शरण जायचं, असा शिरस्ता होता. आधीचा कप्तान गावचा न्हावी. तो तोंडाला जळकं बूच फासायचा, आणि पाऊस आला की चौकात पोचेपर्यंत पुन्हा जर्मन व्हायचा. माझा रंग पक्का होता. मी म्हटलं, "पण मी स्पॅनिश नाही." मालक म्हणाले, "नसाल. पण दिसता. न्हावी दिसतही नव्हता."

केकखाली घालतात ते जाळीदार कागद दोऱ्यात ओवून मालकीणबाईंनी माझ्यासाठी झालरीची गोल कॉलर केली. ती घातली की खाली बघता येत नसे, त्यामुळे चेहऱ्यावर आपोआप मग्रुरी यायची. घोडा होता बिअरची पिंपं ओढणारा. तो सवयीने प्रत्येक गुत्त्यापुढे थांबायचा आणि पिंप उतरवल्याशिवाय हलायचा नाही. गल्लीत पाच गुत्ते होते. स्पेनच्या फौजेला अर्धा मैल काबीज करायला सव्वा तास लागायचा.

नगराध्यक्ष व्हायचा गावचा बेकरीवाला. जाडा, तापट माणूस. एका वर्षी त्याचा स्टॉल तात्पुरत्या मुताऱ्यांशेजारी आला. त्याने तिथेच पाव मांडले. पण मी घोड्यावरून विहिरीपाशी पोचलो तेव्हा त्याने किल्ली पाठीमागे धरली आणि जाहीर केलं, "गाव शरण येणार नाही."

बँड थांबला. मालक धावत आले. "अहो, असं कसं? तुम्ही शरण आलेलेच आहात! तीनशे वर्षं झाली!"

"तेव्हा माझा स्टॉल मुतारीशेजारी नव्हता."

दोन तास वाटाघाटी चालल्या. मी घोड्यावर, मान कॉलरमध्ये अडकलेली. शेवटी स्टॉल विहिरीजवळ आणण्याचं ठरलं आणि साडेचारच्या सुमारास गाव पडलं.

मग खरे स्पॅनिश आले.

गावापलीकडे कोळशाची खाण होती. तिथे माणसं कमी पडत होती म्हणून स्पेनहून कामगार आणले गेले आणि रुळांपलीकडे लाकडी बराकींत त्यांची सोय झाली. ही बातमी कळली त्या रविवारी मालकांनी काळा सूट चढवला, मिशांना हात दिला आणि मला घेऊन निघाले. इतका घाबरलेला माणूस मी परीक्षेच्या हॉलबाहेरही पाहिला नव्हता.

बराकीपुढे एक तरुण मोजे धूत बसला होता. सोनेरी केस, निळे डोळे, लालबुंद गाल. मालकांनी त्याला जर्मनमध्ये विचारलं, "इथे स्पॅनिश लोक कुठे राहतात?"

त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "रामोन. स्पेन."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढली आणि आयुष्यात प्रथमच एका स्पॅनिश माणसाला स्पॅनिशमध्ये म्हणाले, "माझ्या घोड्याची नाल निखळली आहे."

रामोनने आमच्या मागे घोडा शोधला. दिसला नाही. त्याने हात पुसले, आत गेला आणि हातोडा, सांडशी घेऊन आला. त्याचे वडील लोहार होते.

आता घोडा नाही हे सांगायचं कुणी? आणि कोणत्या भाषेत? आम्ही त्याला गावात घेऊन गेलो आणि बिअरवाल्याच्या तबेल्यात तो पिंपांचा घोडा दाखवला. रामोनने चारही पाय उचलून पाहिले. मागच्या उजव्या पायाची नाल खरोखरच सैल होती. त्याने ती ठोकून बसवली आणि मालकांच्या पाठीवर थाप मारली. मालक रस्ताभर एकच म्हणत होते, "समजलं त्याला. मी बोललेलं समजलं!"

रामोन हळूहळू जर्मन शिकला. मालकांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो तिकडच्या उन्हाचा. तो म्हणाला, "ऊन नाही. आमच्याकडे रोज पाऊस." तो स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातला, तिथे म्हणे इथल्यापेक्षा जास्त पाऊस. दुपारी झोपता का? "गाई कोण बघणार?" तिखट? त्याने माझ्या लोणच्याचा वास घेऊन डबा परत दिला. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण याला स्पेनची माहिती कमी आहे."

तरी पुढच्या उत्सवात या लोकांना मिरवणुकीत घ्यावं, असा ठराव त्यांनी समितीपुढे मांडला. बेकरीवाला म्हणाला, "घ्या की. पण पोशाख हवा. आणि खरं सांगू? ते स्पॅनिश दिसत नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या जूनमध्ये मी, मिरजेचा, स्पेनचा कप्तान म्हणून घोड्यावरून गेलो आणि स्पेनची माणसं इस्त्रीचे सूट घालून, टाय बांधून, फुटपाथवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला कॉलरमुळे खाली बघता येत नव्हतं, ते बरंच झालं.

त्या हिवाळ्यात रामोन जागा शोधायला लागला. त्याची बायको पिलार गावी होती. तिला आणायचं तर स्वतंत्र वोनुंग, म्हणजे राहती जागा, दाखवावी लागे. बराकीत बायकामुलांना परवानगी नव्हती. सुटीच्या दिवशी तो दारोदार फिरायचा. बेकरीवाल्याची वरची खोली नुकतीच दिलेली असायची. न्हाव्याची देखील नुकतीच दिलेली असायची. जिकडे विचारावं तिकडची जागा आदल्याच दिवशी गेलेली असे. मात्र खिडक्यांतल्या 'खोली देणे आहे' या पाट्या तशाच. शेवटी तो आमच्या दारात आला.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मोठी खोली होती. तिला मालक 'स्पेन' म्हणत. आत एक गंजलेलं शिरस्त्राण, दोन तारांची गिटार, बैलाचं चित्र आणि भिंतभर नकाशा होता. उत्सवाचे पाहुणे आले की ती उघडायची.

रामोन दारातच उभा होता. त्याचं बोलणं ऐकून मालकांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "विचार करून सांगतो."

विचार पाच आठवडे चालला. मालक न्याहारीला बसले की नकाशा उतरवला तर भिंतीचा गिलावा निघेल, असं काहीतरी बोलत. मालकीणबाई ऐकत राहायच्या. एका सकाळी त्यांनी कॉफीची किटली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पंचेचाळीस साली मी एक बोचकं घेऊन तुझ्या स्टेशनवर उतरले. तू मला तुझ्या क्वार्टरात जागा दिलीस. त्या वेळी तू नुसता जर्मन होतास, आणि तुला विचार करायला वेळ लागला नव्हता."

मग त्या वर गेल्या. थोड्या वेळाने जिन्यावरून गिटार खाली आली. पाठोपाठ बैल. मालक खुर्चीत खिळून बसले होते. शिरस्त्राण आलं तेव्हा मी उठून हात लावला. संध्याकाळपर्यंत सगळा स्पेन परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्यात पोचला. पुढे एका कोंबडीने शिरस्त्राणात अंडी घालायला सुरुवात केली.

पिलारची गाडी आली ती नेमकी उत्सवाच्या रविवारी. मिरवणूक अकराला निघणार आणि गाडी अकरा दहाला. मी घोड्यावर, मालक पुढे झेंडा घेऊन. चौकाकडे वळायच्या जागी मालक एकदम उलट्या बाजूला, स्टेशनकडे वळले. तिकडे एकही गुत्ता नव्हता, त्यामुळे घोडा कधी नव्हे तो भराभर चालला. घोड्यामागे बँड, बँडमागे भालेवाले, बायका, पोरं. बेकरीवाला उशी पोटाशी धरून मागून ओरडत होता, "अहो, वेढा इकडे आहे!"

पिलार डब्यातून उतरली. लहानखुरी, डोक्याला रुमाल, हातात दोरीने बांधलेली सुटकेस. समोर तिने काय पाहावं? अख्खं गाव, गळ्यात कागदी झालरी, हातात भाले. तिने पटकन छातीवर क्रूस काढला. रामोन सूटबूट घालून पुढे धावला. तेवढ्यात मालक आडवे आले. झेंडा माझ्याकडे दिला, टोपी छातीशी धरली आणि स्पॅनिशमध्ये म्हणाले, "गाडीवान, सावकाश. माझी मावशी नाजूक आहे."

पिलार सुटकेसवरच बसली. आधी वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता तिने रामोनला काहीतरी विचारलं, आणि तोही हसायला लागला. त्याने नंतर सांगितलं, ती विचारत होती, "इथे रविवारी आपल्यालाही ही कॉलर घालावी लागते का?"

बेकरीवाला धापा टाकत पोचला होता. मालकांनी त्याच्या उशीवरची सोनेरी किल्ली उचलली आणि पिलारच्या हातात ठेवली. तिला वाटलं, मिळालेल्या खोलीची असेल. तिने मान लववली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्स बंद केली. परत मागायची कुणाची छाती झाली नाही. समितीला नवी किल्ली करावी लागली आणि नवा अध्यक्षही. मालकांना त्यांनी त्याच आठवड्यात काढलं. "ऐतिहासिक क्रम बिघडवला" असं कारण पत्रात लिहिलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात, मी परतीच्या बोटीचं तिकीट काढलं होतं तेव्हा, मालक स्पेनला गेले. वय सत्तरीच्या पुढे, पण रेल्वेचा माणूस. वेळापत्रकं कोळून प्यायलेला. रामोनला रजा नव्हती. त्याने आईवडिलांसाठी एक पार्सल आणि एक चिठ्ठी दिली. मालक एकटेच निघाले. दोन आठवड्यांनी परतले तेव्हा त्यांना घ्यायला मी स्टेशनवर गेलो. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"कसा आहे स्पेन?"

"रूळ आपल्यापेक्षा रुंद आहेत," ते म्हणाले. "आणि पाऊस."

प्लॅटफॉर्म रिकामा झाला तरी ते हलेनात. मग बोलू लागले. "मी पोचलो तेव्हा भिजून चिंब झालो होतो. रामोनच्या आईने दार उघडलं. मी चिठ्ठी काढली, तर शाई पसरून सगळं निळं झालेलं. तिला मी कोण, कुठला, काही माहीत नाही. आणि माझ्या स्पॅनिशचा तर..." त्यांनी हात झटकला. "तिने माझा कोट काढला. घरात पलंग एकच. तो तिने मला दिला. नको नको म्हणालो, तरी अकरा रात्री ती दोघं म्हातारी माणसं स्वयंपाकघरात गवतावर झोपली."

मी म्हटलं, "तुम्हीही रामोनला खोली दिलीतच की."

"मी नाही. बायकोने दिली." मग त्यांनी विचारलं, "ते पाच आठवडे... वरची खोली रिकामी आहे, हे रामोनला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी परवा निघणार होतो, आणि त्यांनी मला सहा वर्षं घरच्यासारखं ठेवलं होतं.

"माहीत होतं," मी म्हणालो. "शिफ्ट सुटली की तो आपल्या गल्लीतूनच जायचा. समोरच्या फुटपाथवर उभा राहून थोडा वेळ वरच्या खिडकीकडे बघायचा."

"आणि मला कधी बोलला नाही."

"नाही."

मालक बॅगेवर बसले. बसूनच राहिले. मग उठले आणि घराकडे चालू लागले. दारात मालकीणबाईंनी कोट घ्यायला हात पुढे केला, तेवढा त्यांनी काढून दिला, बूट काढले आणि तसेच मोज्यांनी जिना चढले. सामान घेऊन मी मागे. रामोनच्या दारापुढे ते उभे राहिले. एरवी ते त्या खोलीत सरळ शिरत, घर त्यांचंच. आज त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि दारावर हलकेच टकटक केलं.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी बॅग पायरीवर ठेवली आणि खाली निघून आलो.